मन्मथरावांचा कवचांक

सरकारनं नवी परीक्षा काढावी आणि लातूरनं तिचा क्लास काढू नये, असं कधी झालंय का? तुम्हीच सांगा. डॉक्टर व्हायची असो, पोलिसात भरती व्हायची असो नाहीतर नुसतं तलाठी व्हायची, परीक्षा जाहीर होते तिकडं मुंबईत आणि आमच्या ट्यूशन एरियात दुसऱ्या दिवशी फ्लेक्स लागतो. मी याच एरियात बायोलॉजी शिकवते. बिराजदार मॅडमची बॅच म्हटलं की पालक आदल्या वर्षी नाव घालून ठेवतात. बढाई नाही मारत, आहे ते सांगते. ज्या पोरांना बेडूक आणि बुरशी यातला फरक कळत नव्हता, त्यांना मी मेडिकलला पाठवलंय. तेव्हा माझ्या नवऱ्याच्या मनाचीच परीक्षा निघाली, तर मी हातावर हात धरून बसेन असं कुणाला वाटलं तरी कसं?

नवरा म्हणजे मन्मथ. बाहेरचे मन्मथराव म्हणतात, मी आपली अहो म्हणते. लातूर-सोलापूर मार्गावर एका खासगी कंपनीची विजेवरची बस चालवायचे. रस्त्यावर एकदम शांत माणूस, पण घरात पाऊल टाकलं की तोंडाचा पट्टा सुरू. कोण आडवं आलं, कुणी खिडकीतून पिचकारी मारली, कुठल्या म्हातारीनं कोंबडी पिशवीत लपवून आणली आणि ती तुळजापूर यायच्या आत कशी ओरडली, सगळं जेवताना हावभावासकट. आमची अन्वी सातवीत आहे. बापाच्या नकला बघताना तिचा घास हातातच राहायचा.

मागच्या वर्षी उजनीच्या मोडावर एक कॉलेजातला पोरगा मोटारसायकलवर उलट्या बाजूनं आला आणि बसखाली गेला. जागीच. बसच्या कॅमेऱ्यात सगळं स्वच्छ दिसत होतं. पोलिसांनी सांगितलं, कंपनीनं सांगितलं, पुढं कोर्टानंही सांगितलं की ड्रायव्हरची चूक नाही. त्या पोराच्या आईनंसुद्धा ह्यांचा हात हातात घेतला आणि म्हणाली, "तुमचा काय दोष, बाबा." मी मनात म्हटलं, सुटलो एकदाचे.

सुटलो कसले! ह्यांची झोप गेली. जेवण गेलं. नळ सोडून बाथरूममध्ये बसून राहायचे आणि मी दार वाजवलं की म्हणायचे, "कुठं काय झालंय? मला काय धाड भरलीय?" अन्वीला वाटायचं, बाबा तिच्यावर रुसलेत. शेवटी मी त्यांना ओढून डॉक्टर तबस्सुम पटेलांकडे नेलं. आमच्याच कॉलनीतल्या मनोआरोग्य केंद्रात बसतात. बाई हुशार आणि बोलायला मोकळी.

तिथं पहिल्यांदा ते यंत्र पाहिलं. पार्लरमध्ये केस वाळवायला डोक्यावर घुमट ठेवतात ना, तसंच. म्हणून लातुरात सगळे त्याला पार्लरच म्हणतात. खरं नाव कवचदर्शक.

"बघा मॅडम," डॉक्टर म्हणाल्या, "माणसाचं मन कधी उघडं फिरत नाही. दुःख सोसेना झालं की ते काहीतरी पांघरून घेतं. कुणी म्हणतं, असं काही झालंच नाही. कुणी आपला राग उचलून दुसऱ्याच्या माथी मारतं. कुणी सबबी सांगत बसतं. हे झाले कच्चे बचाव. आणि कुणी तेच दुःख मान्य करतं, कामापुरतं बाजूला ठेवतं, त्यावर हसतं, दुसऱ्याच्या मदतीला धावतं. हे पक्के. उदास दोघंही असतात, पण उपचार दोघांना वेगळे लागतात. पूर्वी आम्ही तासन् तास बोलणं ऐकून हे ठरवायचो. मी एक म्हणायची, माझ्या शेजारचा डॉक्टर दुसरंच म्हणायचा."

"आणि हे यंत्र?"

"हे दोन गोष्टी मोजतं. पेशंटला त्याच्याच आयुष्यातली गोष्ट विचारली की मेंदूला डोळ्याची पापणी लवायच्या आत कळतं, हे दुखणारं आहे. रक्त तिकडं धावतं, बाहुली मोठी होते, तळहाताला घाम येतो. ते सगळं घुमट टिपतो. मग जीभ बोलायला लागते. शरीराला किती लागलं आणि जीभ काय म्हणाली, या दोन्हींत अंतर असतं. ते अंतर माणूस कशानं भरतो, तोच त्याचा बचाव. जुन्याजाणत्या डॉक्टरांनी तपासलेल्या हजारो मुलाखती याला शिकवल्यात. त्यावरून हे शंभरपैकी आकडा देतं. कवचांक."

आकडा म्हटल्यावर माझे कान टवकारले. कायदाही तिथंच कळला. मनाच्या आजारावर उपचार घेतलेल्या माणसाच्या हाती दुसऱ्यांचे जीव असतील, मग तो ड्रायव्हर असो, क्रेनवाला असो की नर्स, तर कवचांक सत्तरच्या वर गेल्याशिवाय त्याला कामावर घेता येत नाही.

ह्यांचा आला तेवीस.

तेवीस! बिराजदार मॅडमच्या घरात! मला तर घाम फुटला. डॉक्टर मात्र खूश दिसल्या. "छान झालं, निदान पक्कं झालं," म्हणाल्या. "हे सगळं नाकारून बसलेत. शरीर ओरडतंय आणि तोंड म्हणतंय काही झालं नाही. हळूहळू जाऊ. घाई करायची नाही. आणि मॅडम, हा नापासाचा आकडा नाही हो. ताप मोजतो तसा आहे."

मी मान डोलावली. रिक्षात बसेपर्यंत माझ्या डोक्यात पोर्शन ठरलासुद्धा.

तुम्ही आता नाक मुरडाल, म्हणून आधीच सांगते. मला माझा माणूस परत हवा होता. तो कोंबडीची नक्कल करणारा. मला वाटायचं, स्टिअरिंग हातात आलं की तो आपोआप येईल. घरात भिंतीकडे बघत बसलेल्या माणसाला बघणं काय असतं, ते ज्यानं बघितलंय त्यालाच कळेल.

आणि तयारी अवघड नव्हती. यंत्र दोनच गोष्टी मोजतं ना? पहिली शरीराची. गोगलगाईला बोट लावलं की ती आत जाते. पण बोट लावत राहा, लावत राहा, थोड्या वेळानं ती आत जायची थांबते. कातडीला त्याची सवय होते. हे मी दरवर्षी फळ्यावर शिकवते. दुसरी गोष्ट जिभेची. पक्का बचाव कसा बोलतो, हे डॉक्टरांनीच सांगितलं होतं. मान्य करायचं, भावनेचं नाव घ्यायचं, थोडं हसायचं, दुसऱ्याबद्दल दोन शब्द बोलायचे, पुढचं ठरवल्याचं सांगायचं. ह्याला आमच्याकडे मॉडेल आन्सर म्हणतात.

अन्वी शाळेला गेली की आम्ही गच्चीवर. ह्यांच्या डोक्यावर मी वेताची टोपली पालथी घालायची, घुमटाची सवय व्हावी म्हणून. हसू नका. "सांगा, त्या दिवशी काय झालं?" पहिल्या दिवशी ह्यांनी अशी मान झटकली की टोपली खाली पडली. मी ती परत ठेवली. पुन्हा विचारलं. मोडाच्या बाजूनं विचारलं, मोटारसायकलच्या बाजूनं विचारलं, त्या आईच्या बाजूनं विचारलं. उत्तर लांबलं की थांबवायची, भरकटलं की छाटायची. "आता इथं थोडं हसा. फार नाही. हां, एवढंच."

"कांता, मला नाही जमणार की गं," ते म्हणायचे.

"सगळे सुरुवातीला असंच म्हणतात," मी म्हणायची. मी पोरांनाही हेच सांगते.

आणि जमलं! हळूहळू ते मान झटकायचे थांबले. घाम थांबला. उजनीच्या मोडाबद्दल ते असे सांगायला लागले, जसं कुणी बसचं वेळापत्रक सांगतंय. मला केवढा अभिमान वाटला म्हणून सांगू! इतका ढ विद्यार्थी आणि इतकी प्रगती.

पुढच्या मापनात अठ्ठ्याऐंशी आले. डॉक्टर पटेल स्वतः बाहेर आल्या, ह्यांचा हात हलवला आणि म्हणाल्या, "मन्मथराव, इतकी सुधारणा मी क्वचित बघते." गोळ्या निम्म्यावर आणल्या, पुढची भेट लांबची दिली, कामावर जायचा दाखला काढला. मी क्लासमध्ये पेढे वाटले. आमचे संचालक सर एवढे चाणाक्ष की पेढा तोंडात असतानाच म्हणाले, "मॅडम, कवचमापनाची एक क्रॅश बॅच काढायची का? नर्सेस येतील, ड्रायव्हर येतील, मार्केट मोठं आहे." मी लाजून बघू म्हटलं. मनातून आवडलं होतं.

घरात सुरुवातीला सगळं गोड होतं. हे वेळेवर उठायचे, पोटभर नाही तरी ताट रिकामं करायचे, विचारलं की नीट उत्तर द्यायचे. मग एक दिवस अन्वीनं माझी नजर चुकवून स्कूटी काढली आणि फाटकावर घातली. पुढचा दिवा फुटला, फाटक वाकलं. पूर्वी असं झालं असतं तर ह्यांनी अख्खी गल्ली डोक्यावर घेतली असती आणि जेवताना तिचीच नक्कल करून तिला हसवलं असतं. आता हे शांतपणे म्हणाले, "मला वाईट वाटलं, हे मी मान्य करतो. पण तुझा हेतू वाईट नव्हता. आपण दोघं मिळून फाटक दुरुस्त करू."

अन्वी रडतच स्वयंपाकघरात आली. "आई, बाबा मला रागावले नाहीत."

"मग रडतेस कशाला, बावळट?"

"ते बाबांसारखं नाही बोलत गं. मला भीती वाटते."

"शहाणे झालेत बाबा," मी म्हटलं आणि तिला पळवून लावलं. लेकराला कळलं ते मला कळलं नाही. मी आपली गुण मोजत होते.

त्यानंतरचं सांगते. त्यांनी त्यांचं घड्याळ अन्वीच्या मनगटावर बांधलं, तुला शोभतं म्हणाले. मला मीटरचा मेन स्विच कुठून पाडायचा, इन्व्हर्टरमध्ये पाणी कसं घालायचं, टाकीचा वॉल कोणता, हे सगळं शेजारी उभं करून शिकवलं. शेजारच्या काकांना त्यांच्या दवाखान्याच्या खेपा घालून दिल्या. आणि मी, बायोलॉजी शिकवणारी शहाणी बाई, मनात म्हणत होते, परोपकार, पैकीच्या पैकी.

एका दुपारी मी भाकरी थापत होते. बाहेर ह्यांच्या मोठ्या बहिणीचा, उदगीरच्या अक्कांचा फोन आला होता. अक्कांचा आवाज मोठा, ओट्यापर्यंत ऐकू येतो. रडत होत्या. "मन्मथा, खरं सांग रे, तू बरा हायस ना?"

हे म्हणाले, "सुरुवातीला फार जड गेलं, अक्का. आता मी ते मान्य केलंय." मग बारीक हसले. "कांतानं आणि अन्वीनं खूप सांभाळून घेतलं. आता पुढच्या कामाकडे लक्ष देतोय."

शब्द माझे. क्रम माझा. दुसऱ्या वाक्यानंतरचं ते बारीक हसूसुद्धा माझं, गच्चीवर मी बसवलेलं. आपल्या रडणाऱ्या सख्ख्या बहिणीला माणूस मॉडेल आन्सर देत होता. माझे हात तसेच परातीत राहिले. तव्यावरची भाकरी जळून काळी झाली तरी मला वास आला नाही.

फोन ठेवल्यावर मी पिठाच्या हातानंच बाहेर गेले. सरळ विचारलं, "अहो, मरायचं मनात येतं का तुमच्या?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. डोळे अगदी स्वच्छ, कुठं काही नाही. "सुरुवातीला येत होतं," म्हणाले. "तसं वाटणं साहजिक होतं. आता मला जबाबदारीची जाणीव आहे."

हेही माझंच. हा प्रश्न हमखास येतो म्हणून मी तो जास्त पक्का करून घेतला होता. मी प्रश्न फिरवला. उत्तर आलं. उलटा विचारला. उत्तर आलं. रागानं विचारलं, गोडीत विचारलं, उत्तर येतच राहिलं. लग्नानंतर इतक्या वर्षांत या माणसाच्या नुसत्या चप्पल काढण्यावरून मला कळायचं, आज काय झालंय ते. आता तो समोर बसून बोलत होता आणि खरं बोलतोय की पाठ केलेलं म्हणतोय, हे कळायला मला एकही फट शिल्लक नव्हती. सगळ्या फटी मी स्वतःच्या हातानं लिंपल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांकडे धावले. "डॉक्टर, हे बरे नाहीत. मला भीती वाटतेय."

त्यांनी स्क्रीन उघडून दाखवली. "मॅडम, अठ्ठ्याऐंशी आहेत. शरीर शांत, बोलणं मोकळं. मला इथं काही खोट दिसत नाही. तुमचीच झोप होत नाहीये का?" आणि समजुतीनं म्हणाल्या, "बसा जरा. तुमचंही मापन करू."

मला पार्लरमध्ये बसवलं की हो! माझा आकडा आला चाळीस. डॉक्टरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तुमच्या मनातली भीती तुम्ही त्यांच्यावर टाकताय. असं होतं घरच्यांचं. पेशंट बरा झाला की सांभाळणारा कोसळतो."

माझ्या ओठांपर्यंत आलं होतं, अहो बाई, मी शिकवलंय त्यांना. पण सांगितलं असतं तर दाखला रद्द, नोकरी गेली, आणि हे पुन्हा त्या भिंतीसमोर. शिवाय गावभर झालं असतं, बिराजदारबाईनं नवऱ्याला कॉपी करून पास केलं. तुम्ही म्हणाल, सबबी सांगतेस. हो, सबबीच होत्या. चाळीस गुणांची बाई आणखी काय सांगणार? मी घरी आले आणि ह्यांच्या मागं मागं फिरत राहिले. ते बाथरूममध्ये गेले तर दाराशी उभी राहायची. ते म्हणायचे, "तुझी काळजी मी समजू शकतो, कांता." मला ओरडावंसं वाटायचं.

मग तो दिवस. मी क्लासमध्ये होते, फळ्यावर मूत्रपिंड अर्धं काढून झालं होतं. डेपोच्या मॅनेजरचा फोन आला. माणूस भला, खुशीत होता. "वहिनी, कंपनीचे कागद झाले, आज मन्मथराव परत पहिल्यांदा गाडी काढतायत. हार घेऊन येता का? माणूस बघा किती जबाबदार! मी प्रवासी देतो म्हणालो, तर म्हणाले, नको, पहिली फेरी रिकामीच द्या. उगाच लोकांचा जीव टांगणीला कशाला. सोबत पण कुणी नको म्हणाले. तुळजापूरचा घाट उतरून एकटेच परत येतो म्हणाले."

रिकामी. एकटे. घाट.

हातातला खडू कुठं पडला मला माहीत नाही. पोरं मॅडम मॅडम करत होती. मी स्कूटीवर बसले, फोन कानाला लावला आणि भर ट्रॅफिकमध्ये डॉक्टर पटेलांना सगळं सांगितलं. गच्ची, टोपली, मॉडेल आन्सर, सगळं. मला वाटलं आता शिव्या घालतील.

"कुठं आहेत ते आत्ता?" एवढंच विचारलं त्यांनी.

"डेपोत."

"गाडी बाहेर पडू देऊ नका. मी निघालेय. त्यांना एकटं सोडू नका, काहीही करा."

बस डेपोच्या फाटकाशी आली होती. विजेची गाडी, आवाज नाही काही नाही, नुसती सरकत होती. मी स्कूटी तशीच आडवी टाकली आणि बससमोर जाऊन उभी राहिले. ब्रेक लागला. मॅनेजर धावत आला, मेकॅनिक जमले, चहावाला बघायला लागला. ह्यांनी खिडकी उघडली.

"खाली उतरा," मी म्हटलं.

"कांता, तुला भीती वाटणं साहजिक आहे."

"खाली उतरा म्हणते ना!"

"मला मदत केल्याबद्दल मी तुझा आभारी आहे. आता मला पुढं जाऊ दे." आणि हसले. तेच. मोजून मापून.

मी रडले, ओरडले, हात जोडले. माणसं कुजबुजायला लागली, बाईचं डोकं फिरलंय. मॅनेजर म्हणाला, "वहिनी, बाजूला व्हा, शोभत नाही हे." हे काचेआडून माझ्याकडे दयेनं बघत होते. मला एकदम कळलं की डॉक्टर येईपर्यंत मी टिकणार नाही, हे लोक मला हाताला धरून बाजूला करतील.

क्लासमध्ये एखादं पोर पाठ करून आलंय की समजून, हे कळेना झालं, की मी एक करते. फळ्यावर मुद्दाम चुकीचं उत्तर लिहिते. पाठ केलेलं पोर गुपचूप उतरवून घेतं. समजलेलं पोर उठून ओरडतं. दुसरं काही सुचेना म्हणून मी तेच केलं. खिडकीखाली गेले, वर बघितलं आणि आजपर्यंत कुणीच त्यांना जे म्हटलं नव्हतं ते म्हटलं.

"चूक तुमचीच होती."

हसू गेलं. हनुवटी हलली. "काय म्हणालीस?"

"चूक तुमची होती. तुम्ही मारलंत त्या पोराला."

"होतीच!" बस हलेल असा आवाज निघाला त्यांच्यातून. "होतीच की! मी लांबनं बघितलं होतं त्याला! म्हटलं, येऊ दे लेकाचा, उलट्या बाजूनं येतोय, सरकल मुकाट्यानं. पाय ब्रेकवर होता माझा. दाबला नाही! जिरवायची होती मला त्याची! कॅमेऱ्यात रस्ता दिसतोय, पाय दिसतोय का माझा?"

मी चुकीचं उत्तर लिहिलं होतं आणि त्यांच्या लेखी तेच बरोबर निघालं.

ते दार उघडून खाली आले. तोंड लाल, थुंकी उडत होती. "पोलिसाला सांगायला गेलो, तो म्हणाला गप बसा, सुटलायत. त्या माउलीला सांगायला गेलो, तिनं हात धरला, तोंडच उघडू दिलं नाही. तुला सांगितलं ना मी! गच्चीवर, पहिल्याच दिवशी! तू काय म्हणालीस? हे वाक्य गाळा, मार्क जातात!"

म्हटलं असेन. मला आठवतसुद्धा नव्हतं. दिवसभर मी असं कितीतरी गाळत असते.

"तू केलंस हे सगळं! तू आणि तुझी ती टोपली! चांगला झुरत होतो मी, तेवढं तरी माझं होतं. तू तेही घेतलंस. तुझ्यामुळं आज मी घाटातनं परत येणार नव्हतो, कळलं का? येणारच नव्हतो!"

सगळा दोष माझ्या माथी. चारचौघांत, दात ओठ खात, अगदी कच्च्यातला कच्चा बचाव. यंत्रानं दहासुद्धा दिले नसते. आणि मला, खोटं कशाला सांगू, कुणाच्या ओरडण्यानं इतकं बरं आयुष्यात वाटलं नव्हतं. शेवटचं वाक्य ऐकून माझी भीती खरी ठरली होती, पण ते बोलले होते. स्वतःच्या तोंडानं. मी त्यांचा शर्ट मुठीत धरून ठेवला. त्यांनी झटकला, मी परत धरला.

ओरडून ओरडून दम लागला तेव्हा ते बसच्या पायरीवर बसले. मॅनेजरनं गाडी सुरू करायचं कार्ड हळूच काढून घेतलं आणि माणसांना पांगवलं. फाटकातून डॉक्टर पटेलांची गाडी आत येताना दिसली. ह्यांनीही बघितली.

"आता त्या विचारतील," ते म्हणाले. आवाज बसला होता. "काय सांगू?"

मी तोंड उघडलं. सवयीनं. मग मिटलं.

"मला माहीत नाही," मी म्हटलं. "खरंच माहीत नाही हो मला."

"मग इतके दिवस काय शिकवत होतीस?" ते वैतागून म्हणाले.

डॉक्टरांच्या हातात काहीच नव्हतं, ना टॅब ना फाइल. त्या आल्या आणि कशाचीही पर्वा न करता त्याच मळक्या पायरीवर ह्यांच्या शेजारी टेकल्या. मला म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही जरा तिकडं थांबा." मी शर्ट सोडला आणि चार्जिंगच्या खांबाशी जाऊन उभी राहिले. दाखला आता जाणार होता, नोकरीही जाणार होती, आणि रात्री घरी गेल्यावर काय होईल, उद्या काय होईल, काहीच सांगता येत नव्हतं. हे खाली मान घालून बोलायला लागले. मध्येच अडले. पुन्हा बोलायला लागले. ते काय सांगत होते, मला तिथून एक शब्दही ऐकू येत नव्हता. मी जवळ गेले नाही.